न जोडलेली तार

"वरच्या काकांनी घरात पिठाची गिरणी टाकलीय का गं?" लिफ्टमध्ये एक काकू दुसरीला विचारत होत्या. मी मोबाइलमध्ये बघत राहिले. वरून दिवसरात्र ऐकू येणारी ती घरघर एका यंत्राच्या पंख्यांची होती. आमच्या खारघरच्या सोसायटीत अंदाज या गोष्टीवर मुळीच विश्वास नसलेला एकच माणूस राहतो, आणि ते यंत्र त्याचं आहे.

काका आयुष्यभर चिप डिझाइन करून निवृत्त झालेले. बॅगेच्या कुलपाचा नंबर विसरले तर वाढदिवस वगैरे लावून बघणार नाहीत; शून्य-शून्य-शून्यपासून सुरुवात करणार, खाली रिक्षावाला हॉर्न वाजवत बसला तरी. "अंदाज आळशी लोक करतात," म्हणायचे. दिवाळे गावच्या मासळी बाजारात ते प्रत्येक पाटीतलं प्रत्येक पापलेट उलटून बघत. एकदा एक कोळीण वैतागून म्हणाली, "काका, मावरा घ्याचा हाय का नवरी बगाला आलाव?" काका शांतपणे पुढच्या पाटीकडे वळले.

मग त्यांचा मुलगा गेला. कसा गेला ते सोसायटीला माहीत आहे. का गेला ते कुणालाच नाही. मागे राहिला त्याचा लॅपटॉप, पासवर्डने बंद. काकांनी हॉलमधला सोफा काढून टाकला आणि तिथे सर्किट बोर्डांच्या रांगा उभ्या केल्या. शक्य तो प्रत्येक पासवर्ड एकामागून एक लावून बघणारं यंत्र. भेटायला येणारे स्टुलावर बसत, पंख्यांच्या आवाजात सांत्वन ओरडून करत. हळूहळू यायचे थांबले.

माझी नोकरी दुसऱ्यांच्या चिपमधल्या चुका शोधण्याची. फार बोलावं लागत नाही, म्हणून आवडते. गेल्या रविवारी काकांनी मला चहा दिला आणि यंत्राचं ड्रॉइंग समोर ठेवलं. "चूक काढ. लाजू नकोस." काढण्यासारखं काही नव्हतं, इतकं देखणं काम. अगदी शेवटी ती तार दिसली. योग्य पासवर्ड लागला की यंत्राला थांबवणारी. ती कुठेच जोडलेली नव्हती. पासवर्ड कदाचित लागूनही गेला असेल, आणि यंत्र न थांबता पुढे गेलं असेल.

ही तार नवशिकासुद्धा विसरत नाही. काका तर नाहीच.

मी वर पाहिलं. ते लॅपटॉपवरची धूळ रुमालाने पुसत होते, झाकण न उघडता.

"सापडली?" त्यांनी तसंच पाठमोरं विचारलं.

मी कप खाली ठेवला.

"काका," मी म्हणाले, "ही तार जोडाल त्या दिवशी मला हाक मारा."