दाजींनी नापास केलेलं गाव

माझ्या दाजींनी आयुष्यात एकही ठिकाण नुसतं पाहिलं नाही. त्याला मार्क दिले. गाडीतून उतरलं की चष्मा पुसायचा, कमरेवर हात ठेवायचे आणि ढ पोराची वही तपासावी तसं समोरच्या डोंगराकडं बघायचं. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. सोलापुरात त्यांनी जन्मभर गणित शिकवलं. त्यांना जाऊन आता वर्ष होईल. भेटायला येणारी माणसं डोळे पुसत म्हणत होती, "मास्तरांनी जग दाखवलं हो आम्हाला!" मी चहाचे कप फिरवत गप्प बसले, कारण घर अक्काचं होतं. इथं गप्प बसायचं मला काही कारण नाही.

त्यांच्या वहीत प्रत्येक ठिकाणाला चार रकाने असायचे. जनावर, देखावा, ताट आणि प्याला. प्रत्येकी पंचवीस मार्क. "पस्तीसला पास ही सरकारी पद्धत," ते सांगायचे, "माझ्याकडं पंचाहत्तर." महाबळेश्वर जनावरात नापास. "माकडं बघायला घाट कशाला चढायचा? आपल्या गच्चीवर येतात की." कोकणाला ताटात चोवीस, पण प्याल्यात कोकम सरबतावर चार. आम्ही तीन घरं मिळून सहलीला जायचो, अक्काचं, माझं आणि दाजींच्या भावाचं, आणि कुठं जायचं हे ही वही ठरवायची. माझ्या यजमानांनी एकदा बिचकत "गोकर्ण?" असं विचारलं. दाजींनी पान उलटून दाखवलं. "एकसष्ट. बसा खाली." आमचे हे खरोखर बसले, याचा मला अजून राग येतो.

प्याल्याचं खूळ निवृत्तीनंतरचं. दारू नको म्हणून ज्या घरात खोकल्याच्या औषधाचाही वास घेऊन बघत, त्या घरातला हा माणूस नाशिककडच्या एका द्राक्षमळ्यात गेला काय आणि वाइनचा पंडित होऊन आला काय! ग्लास तिरका धरायचा, गोल फिरवायचा, नाक आत घालायचं आणि म्हणायचं, "लाकडाचा वास येतोय. ओक." मला आंबलेल्या जांभळाचा यायचा. मी तसं म्हटलं तर म्हणाले, "जीभ घडवावी लागते, ताई." माझी जीभ चांगली घडलेली होती, त्यांनाच ती सोसायची नाही.

ताटाचा नियम असा, की घरचं काही बांधून न्यायचं नाही. ना शेंगाचटणी, ना कडक भाकरी. "तिकडचं खायला जमत नसेल तर तिकडं जायचंच कशाला?" केरळात तिसऱ्या दिवशी मी खोलीत आले तर दाजी माझ्या पिशवीत हात घालून उभे, मिशीला शेंगाचटणी. दुसरा माणूस लाजला असता. दाजी म्हणाले, "खराब झाली का बघत होतो." त्या रात्री वहीत केरळच्या ताटाला त्यांनी तेवीस दिले.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण त्यांचं एक वाक्य होतं, ते ऐकलं की माझी तळपायाची आग मस्तकात जायची. सहल ठरताना कुणी म्हणालं, "अक्कांना विचारलं का?" की ते वही मिटत म्हणायचे, "तिला काय विचारायचं? तिला सगळंच आवडतं." अक्का स्वयंपाकघरातून हसायची आणि पोहे परतत राहायची. खरं म्हणजे तिला एकच ठिकाण बघायचं होतं, आणि ते सोलापूरपासून काही तासांच्या अंतरावर होतं.

आमचं जुनं गाव उजनीच्या पाण्याखाली आहे. धरण भरलं तेव्हा मी आईच्या कडेवर होते, मला काहीच आठवत नाही. अक्का बारा वर्षांची होती. तिला घर न् घर आठवतं. सगळ्यांना नवीन गावठाणात प्लॉट मिळाले, तिथं बाभळी होत्या आणि नळ नव्हता. उन्हाळ्यात एखाद्या साली पाणी खूप उतरलं की जुन्या घरांची जोती उघडी पडतात, मारुतीचा पार दिसतो. लोक जातात, हात लावून येतात. अक्का लग्न झाल्यापासून म्हणत होती, "एकदा जायचं हाय मला. आपला दगड तरी बघून यायचा." दाजींनी एका हिवाळ्यात उजनीला एकदा पाहून घेतलं होतं, दुसऱ्या काठाला, मित्रांबरोबर. रोहित पक्षी येतात म्हणून जनावरात पंधरा. देखावा आठ. तळलेल्या माशाला अकरा. प्याल्यात भोपळा. एकूण चौतीस. "सरकारी पद्धतीनंही नापास!" असं म्हणून ते स्वतःच हसले होते.

मग अक्काचे डोळे जायला लागले. साखरेनं डोळ्यातला पडदा पोखरला होता. लेसर झालं, सुया झाल्या. शेवटी डॉक्टरांनी दाजींना आत बोलावून सांगितलं की फार तर वर्षभर बरी नजर राहील, जे दाखवायचं ते दाखवून घ्या.

त्या वर्षीचा दिवाळी पाडवा मी विसरणार नाही. अक्कानं दाजींना ओवाळलं. इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा तिनं तोंडानं ओवाळणी मागितली. "साडी नको. मे महिन्यात पाणी उतरलं तर गाव दाखवा." दाजी हसले. खिशातून पाकीट काढून त्यांनी तबकात ठेवलं. "त्याच्यापेक्षा मोठं दाखवतो." आत दक्षिण आफ्रिकेची तिकिटं होती, मे महिन्याची. सिंह, डोंगर, समुद्र, द्राक्षमळे. त्यांच्या वहीतलं एकमेव शहाण्णव, तेही न बघता, नुसतं वाचून दिलेलं. प्रॉव्हिडंट फंडाचं राखून ठेवलेलं सगळं त्यांनी त्यात घातलं होतं.

मी तिथंच उभी राहून भांडले. म्हटलं, दाजी, तिनं काय मागितलं आणि तुम्ही काय देताय? आफ्रिकेला जा, पण आधी एक दिवस तिकडं जाऊन या. ते शांतपणे मला गणित समजावायला लागले. "ताई, नजर थोडी उरली आहे. ती चौतीसवर खर्च करायची की शहाण्णववर?" त्यांना ते खरंच तसं वाटत होतं. मी अक्काकडं पाहिलं. ती म्हणाली, "जाऊ दे गं. एवढं केलंय त्यांनी. गाव कुटं पळून जातंय?"

त्या मे महिन्यात पाणी असं उतरलं, की चुलतभावानं फोटो पाठवले त्यात गावातल्या गल्ल्यासुद्धा ओळखू येत होत्या. अक्का तेव्हा आफ्रिकेत जीपमध्ये बसून सिंह बघत होती. हेही सांगते, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहिते. त्या सगळ्या प्रवासात दाजींनी तिचं इन्सुलिन थर्मासमध्ये घालून गळ्यात वागवलं, तिला एक पिशवी उचलू दिली नाही. परत आली तेव्हा मी विचारलं, "कसं होतं?" म्हणाली, "सिंह लई देखणा होता. मान वळवून बघितलं बी माज्याकडं." मग जरा वेळानं म्हणाली, "आपलं तेवढं राहिलं."

ती आली तेव्हा तिचे पाय सुजले होते. आठवडाभर पडून होती. तोवर पुण्याकडं पाऊस लागला. पाऊस तिकडं पडतो आणि धरण आमचं भरतं, महिनाभरात सगळं परत बुडालं. पुढच्या उन्हाळ्यात पाणी म्हणावं तसं उतरलंच नाही. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात उतरलं, पण तेव्हा अक्काला खिडकी कुठली आणि भिंत कुठली तेवढंच कळत होतं.

आम्ही गेलो. दाजी स्वतःहून म्हणाले, "जाऊ या." आमचे हे गाडी चालवत होते. सकाळचं ऊन होतं, भेगाळलेला गाळ, त्यात शिंपले, आणि लांबवर पाणी उपसायच्या मोटारींचे पाइप पाण्यापर्यंत गेलेले. अक्कानं चपला काढल्या. मी हात धरायला गेले तर तिनं सोडवून घेतला. "मला फक्त पारापाशी न्या. पुढचं मला ठावं हाय." पाराला हात लावून ती निघाली, तोंडातल्या तोंडात पावलं मोजत. दोनदा चुकली, दोनदा परत पाराशी आली. तिसऱ्या खेपेला एका जोत्याशी तिचा पाय अडला. ती खाली बसली, हातानं चाचपलं आणि जमिनीत पुरलेल्या उखळातला गाळ ओंजळीनं उपसायला लागली. "हे बग! हितंच मी आन् आई मिरची कुटायचो." बांगड्यांपर्यंत हात चिखलात, आणि चेहरा असा की मला बघवेना.

दाजी मागं उभे होते. मला म्हणाले, "मी तिला जगातलं सगळ्यात चांगलं ते दाखवलं गं, ताई." मी दात आवळून म्हटलं, "सगळ्यात चांगलं कुणाचं?"

"अहो, हितं या," अक्कानं हाक मारली. इस्त्रीच्या पँटसकट ते गाळात तिच्याशेजारी बसले. ती त्यांना घर दाखवायला लागली. हा सोपा, ही चूल, हा गोठा. दाजी मान डोलवत होते, मग तिला ते दिसत नाही हे लक्षात येऊन "हं, हं" म्हणायला लागले. मग तिनं हात लांब केला आणि म्हणाली, "आन् त्या तितं आमची चिंच. झोका असायचा. खोड तरी उरलंय का? दिसतंय का तुमाला?"

ती दाखवत होती तिकडं नुसतं पाणी होतं. दाजींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. खूप वेळ बघितलं.

"दिसतंय," ते म्हणाले. "केवढी मोठी आहे गं! झोक्याची फांदीसुद्धा आहे."

अक्का लहान पोरीसारखी हसली. मी पाठ फिरवून गाडीकडं निघून गेले. हा माणूस दुष्ट असता तर त्याच्यावर रागावून मी केव्हाच मोकळी झाले असते.