खिळ्यांची खाच

आम्ही दापोडीला राहत होतो तेव्हा पिंपरीकडे कारखाने नुकते उभे राहत होते. आमचे हे तिथे सुतार होते, मालाची खोकी ठोकायचे. ठोकताना खिळे दातांत धरायची सवय. त्यानं समोरच्या वरच्या दातांना बारीक खाच पडली होती. मी करवादायची, "तोंड हाय का खिळ्यांचा डबा?" ते नुसते हसायचे.

पवनेला पूर आला त्या दिवशी ते कामावरून परतले नाहीत. वाटेत नदी होती, त्यामुळे लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. मी मात्र रोज कुंकू लावत होते.

पूर ओसरल्यावर खाली गाळात एक प्रेत सापडलं. चेहरा उरला नव्हता. पोलीस जमादारानं विचारलं, दातांच्या डॉक्टरकडे कधी गेले होते का, काही कागद आहे का. कागद कसला डोंबलाचा! आमच्यात दात दुखला की लवंग, नाहीच भागलं तर न्हाव्याचा चिमटा. मी खाचेचं सांगितलं. मला जायचं होतं, पण बाईमाणसानं असलं बघू नये म्हणून सगळ्यांनी अडवलं. सासूबाई कुणाला ऐकल्या नाहीत. परत आल्या त्या दारातूनच म्हणाल्या, "दातात खाच हाय. त्योच हाय." माझ्या बांगड्याही त्यांनीच फोडल्या.

त्यांच्या स्वतःच्या कपाळावर मात्र कुंकू होतं. सासरेही सुतार. माझ्या लग्नाच्या कितीतरी आधी मुंबईला गोदीत कामाला म्हणून गेले, ते गेलेच. मेल्याचीही खबर नाही.

तेराव्याला कारखान्यातले सुतार जेवायला आले. मी आतून बघत होते. एकानं पाणी मागायला तोंड वर केलं, तर त्याच्या दातांना खाच. शेजारच्याच्याही. त्याच्या पलीकडच्याच्याही.

सासूबाईंना मी मागल्या दारी ओढलं. "आत्याबाई, ह्या समद्यांच्या दातास्नी खाच हाय!"

"सुताराच्या घरात जल्म गेला माजा," त्या म्हणाल्या. "मला ठावं न्हाई व्हय?"

"मग त्योच हाय म्हनून का सांगितलं?"

"तुज्या सासऱ्याची वाट बघून म्हातारी झाले, पोरी. ना धड सवाशीण, ना रांडव. तुजं तसं नगं." आणि त्या वाढायला आत निघून गेल्या.

त्यांचा गळा धरावासा वाटला मला. माझं भलं करायला त्यांना कुणी सांगितलं होतं? आजही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

पुढे त्या गेल्या. सवाष्ण म्हणून त्यांना हिरवं लुगडं नेसवलं. मळवट भरायला मी कुंकवाचा करंडा घेऊन पुढे झाले, तर जावेनं तो हातातून काढून घेतला. विधवेचा हात नको, म्हणाली. मी भिंतीला टेकून उभी राहिले, आणि खांदा द्यायला आलेल्या एकेका पुरुषाच्या दातांकडे बघत राहिले.