मधल्या पत्र्यातली चार भोकं

एका क्लिकमध्ये मी बारा भोकं पाडली, त्यातली चार नको तिथं. एवढ्यावर थांबले असते तर नुसती मूर्ख ठरले असते. मी थांबले नाही.

मुरुम गावाच्या रस्त्याला पेरणीयंत्रं बनवणारा एक छोटा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याची लांबलचक शेड आणि कोपऱ्यात काचेची एक खोली. खोलीत एसी होता, तो कंप्युटरसाठी. मला मात्र तो माझ्या मानासाठी बसवलाय असं वाटायचं. पंचेचाळिशी उलटलेली बाई, साडीवर स्वेटर, चष्मा नाकाच्या शेंड्यावर; बसायची अशी, जणू जिल्ह्यातलं सगळं लोखंड हिच्या सहीशिवाय वाकत नाही. ती बाई आज समोर आली तर आधी एक चिमटा काढीन.

त्याआधी वीस वर्षं मी बोर्डावर नकाशे काढले होते. भोक काढायचं तर आधी मध्यरेषा, मग कंपास, मग माप. प्रत्येक पत्र्याचा वेगळा कागद. मान मोडून यायची, पण कुठल्या पत्र्याला किती भोकं हे बोटांना पाठ असायचं. कंप्युटरवर हे सगळं करणारं एक आयतं हत्यार मिळालं. बोल्टचं माप निवडा, किती खोल जायचं ते सांगा, जागा दाखवा, भोक तयार. किती खोल, त्या यादीत सगळ्यात खाली होतं, ‘आरपार’. तो पर्याय मला फार आवडायचा.

आमच्या यंत्राच्या पेटीत दोन कप्पे होते. पुढच्यात बी, मागच्यात खत, मध्ये दोन्ही वेगळे ठेवणारा उभा पत्रा. पेटी पुढून आणि मागून बोल्टनं आवळायची, म्हणजे पुढच्या पत्र्याला चार भोकं, मागच्याला चार, अगदी समोरासमोर. म्हटलं, दोनदा कशाला काढत बसू? आरपार! मधला पत्रा नजरेआड येत होता म्हणून मी तो आधीच स्क्रीनवरून लपवला होता. लपवला तरी तो तिथंच असतो आणि भोक त्याच्यातूनही जातं, हे त्या शहाणीच्या डोक्यात आलं नाही. माझी नात इंजिनिअरिंगला आहे. परवा मोठ्या कौतुकानं सांगत होती, “आजी, लपवलेला पार्टसुद्धा कापला जातो, माहितीये?”

“माहितीये गं बाई,” म्हटलं.

तेव्हा ते लक्षात आलं मिस्त्रींच्या. ड्रिलवर असायचे, साठीला टेकलेले, मूळचे सोनारीचे. माझ्या खोलीत येताना चपला बाहेर काढायचे. छापलेला नकाशा घेऊन आले.

“बाई, ह्या मधल्या पत्र्याला भोकं कशापायी? खत बियात जाईल की.”

“कंप्युटरनं काढलंय ते, मिस्त्री. आहे तसं पाडा.”

“चार बोल्ट लावून बुजवू का?”

“कागदावर आहेत का ते बोल्ट?”

“न्हाय.”

“मग?”

ते जरासे हसले. नकाशाची घडी करून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि भोकं पाडायला गेले. मीही हसले. माझं हसू जिंकल्याचं होतं.

हरभऱ्याच्या पेरणीनंतर सास्तूरकडचा एक शेतकरी ट्रॅक्टरला यंत्र लावूनच शेडमध्ये आला. मूठ उघडून दाखवली. काळं पडलेलं बी.

“पेरलेली दोन तासं उगवली, दोन ओळी मोकळ्या. उकरून बघितलं तर हे. खतानं जळालंय सारं. रानातली ओल गेली मालक, आता काय पेरू?”

मालकांनी पेटी खोलायला लावली. सगळे तिकडं जमले आणि मी काचेच्या खोलीत परतले. मधल्या पत्र्यातली चार भोकं निवडली, पुसली, नवा नकाशा छापला. पाडायला एक क्लिक पुरलं होतं, पुसायलाही एकच पुरलं.

“नकाशा दाखवा, बाई.”

मालकांच्या हातात कागद दिला तेव्हा तो अजून गरम होता.

“इथं तर भोकं न्हाईत! मिस्त्री, तुमी कशाला पाडली?”

मिस्त्री माझ्याकडं बघत होते. हात सदऱ्याच्या खिशावर. विडी चाचपत असतील, असं मला वाटलं. मी चष्मा पुसायला घेतला. चष्मा स्वच्छ होता.

“चुकलं, मालक,” मिस्त्री म्हणाले.

त्या दिवसापासून त्यांना ड्रिलला हात लावू दिला नाही. पत्रे वाहायला लावलं. पंधरा दिवस त्यांनी ते वाहिले, मग यायचं सोडलं. शेडमधले म्हणायचे, “म्हाताऱ्याची नजर गेली.” मी मान हलवायची. हो, हलवायची.

वर्षभरानं कालभैरवाच्या दर्शनाचं निमित्त करून सोनारीला गेले. घर विचारत विचारत पोचले. मिस्त्री अंगणात कुळवाची पास, म्हणजे त्याचं लोखंडी पातं, ठोकत बसले होते. “या बाई,” म्हणाले, पाणी आणवलं. मी पाण्याला हात न लावता एका दमात सांगून टाकलं, की नकाशा मीच बदलला होता. त्यांनी हातोडी खाली ठेवली.

“ठावं हाय की. ज्या कागदावरनं भोकं पाडली, त्यो त्या दिशी बी माझ्या खिशातच व्हता. काढनार व्हतो. म्हनलं, आधी बाई सोताहून बोलत्यात का बघू.”