दोन मेणबत्त्या

नव्वदच्या दशकात मी जत तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. माहेर साताऱ्याचं, तोंड तिखट, आणि विज्ञानातलं आपल्याला सगळं येतं हा ठाम समज. अशात सांगलीला आमचं प्रशिक्षण लागलं. शिकवायला फिनलंडच्या एक बाई. दहा दिवस त्या नुसते प्रश्न विचारत राहिल्या. एकाचं तरी उत्तर सांगतील तर शपथ. शेवटच्या दिवशी म्हणाल्या, प्रत्येकाचा पाठ त्याच्या शाळेत येऊन बघणार आणि एकाला तीन महिने फिनलंडला नेणार. झालं! त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचेना. जतच्या रणरणत्या उन्हात बसून मी बर्फाचे बेत करायला लागले. आमच्या घरच्यांनी तर लोकरीचे मोजेही आणून ठेवले.

पाठ ठरलेलाच होता. ताटलीत पाणी, मधोमध पेटती मेणबत्ती, वर उपडा काचेचा ग्लास. मेणबत्ती विझते आणि पाणी ग्लासात एक पंचमांश चढतं, कारण हवेतला तेवढा ऑक्सिजन जळून संपला. आम्ही असंच शिकलो होतो आणि असंच शिकवत होतो. आता मेलं पाणी दर वेळी तिथंच कशाला थांबतंय! पण तपासणीला साहेब येणार म्हटलं की पाठाची तालीम करायची, ही आमची जुनी रीत. मी आठवडाभर तालीम घेतली. ग्लासवर खूण केली आणि मेणबत्ती कापून कापून पाणी बरोब्बर खुणेवर आणलं.

वर्गात मेंढरं राखणाऱ्या घरातली एक मुलगी होती. तिनं तालमीत एकदा दोन मेणबत्त्या लावल्या, तर पाणी खुणेच्या वर गेलं. मी खेकसले, एक मेणबत्ती विझवली आणि तिला जागेवर बसवलं.

पाठाच्या दिवशी फिनलंडच्या बाई मागच्या बाकावर बसल्या. त्यांचे दुभाषी नेमके हेडमास्तरांकडे चहाला गेले होते. पाणी चढलं, खुणेवर थांबलं. मी मनातल्या मनात विमानात बसलेसुद्धा. तेवढ्यात ती पोरगी उभी राहिली.

"बाई, दोन मेणबत्त्या लावल्या की पाणी जास्त चढतंय. मग हवेतला ऑक्सिजन वाढतोय व्हय?"

मागून बाईंनी इंग्रजीत विचारलं, मुलगी काय म्हणते? फिनलंड हातचं जायला निघालं होतं. मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगून टाकलं की तिला पाणी हवंय. बाई लगबगीनं उठल्या, आपल्या बाटलीतलं पाणी दुसऱ्या ग्लासात ओतून तिच्या हातात दिलं. 'वॉटर' एवढं तिला कळत होतं. तिनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि गुमान सगळं पाणी पिऊन टाकलं.

निवड माझीच झाली. शाळेनं हार घातला, पेढे वाटले. फिनलंडला शाळेत सगळे बूट काढून मोज्यांवर फिरायचे, त्यामुळे लोकरीचे मोजे कामी आले. मजेत होते मी. दुसऱ्या आठवड्यात बाईंनी तिथल्या शिक्षकांपुढे आणि माझ्यापुढे तीन ताटल्या मांडल्या. एकीत एक मेणबत्ती, दुसरीत दोन, तिसरीत तीन. मेणबत्त्या वाढतील तसं पाणी जास्त चढत गेलं. बाईंनी विचारलं, मग कुठल्या ग्लासात ऑक्सिजन जास्त होता?

ऑक्सिजनचा हिशेबच खोटा होता. आचेनं हवा फुगते, थोडी बाहेर निसटते, उरलेली गार झाली की आकसते आणि पाणी आत येतं. जास्त मेणबत्त्या, जास्त आच. एवढी साधी गोष्ट सातवीतली पोर मला विचारत होती.

परतल्यावर पहिल्याच तासाला मी दोन मेणबत्त्या लावल्या. वर्गाला सांगितलं की प्रश्न हिचा होता आणि मी शिकवत होते ते चुकीचं होतं. लाज वाटत होती, पण छाती हलकी झाली. वाटलं, पोरगी आता खूश होईल. तिनं पाणी चढताना नीट बघून घेतलं, मग माझ्याकडे वळली.

"बाई, त्या दिवशी मला तान लागली न्हवती."