शकुमावशीचं आवतण

रोज सकाळी दुधाची पिशवी घेऊन परतताना जो पहिला माणूस भेटेल त्याला शकुमावशी विचारायची, "काय रे, आज कुणाकडे काय?"

घाटकोपरच्या जुन्या चाळीत या प्रश्नाला उत्तर असायचंच. कुणाकडे बारसं, कुणाकडे साखरपुडा, कुणाची हळद, कुणाचं डोहाळजेवण. चाळ पडली, तिच्या जागी टॉवर उभा राहिला, सगळे त्यातच राहायला आले. मावशी तोच प्रश्न लिफ्टजवळच्या वॉचमनला विचारू लागली. "कुछ नहीं, मौसी," म्हणून तो हसायचा.

ती लग्न होऊन जालन्याहून इथे आलेली. मसाल्याच्या कारखान्यात पाकिटं भरायची. संध्याकाळी घरी आली की साडीला मिरचीचा वास असायचा, आणि त्याच साडीत ती घरोघर आवतण द्यायला जायची. कार्य कुणाचंही असो, बोलावणं शकुने करायचं, हे चाळीत कधी ठरलं ते कुणालाच आठवत नव्हतं. साखरपुड्याचं ती हळू आवाजात सांगायची, दारात अगदी जवळ जाऊन. हळदीचं जिन्यातूनच ओरडायची. डोहाळजेवणाचं सांगताना आधी घरातल्या सासूला हसवायची. चौदा एप्रिलच्या जयंतीला तर आठवडाभर आधीपासून लहानथोरांना हाका सुरू. फक्त सत्यनारायणाचं आवतण द्यायला ती जायची नाही. "ते तुमचं तुम्ही सांगा बाई. शिरा ठेवा माझ्यासाठी."

आणि आता तिच्या स्वतःच्या नातीचं नामकरण होतं.

"आई, तुम्ही मजले चढायचे नाहीत," सून सपना म्हणाली होती. "गुडघे बघा तुमचे. मी ग्रुपवर कार्ड टाकते."

मावशीने ते मान्य केलं. आयुष्यभर दुसऱ्यांचं बोलावणं केलं, पण आपल्याच घरच्या कार्याला आपणच दारं वाजवायची, याचा तिला संकोच वाटला होता.

रविवारी संध्याकाळी सोसायटीच्या हॉलमध्ये बुद्ध-बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे मेणबत्त्या तयार होत्या. पाळण्याला मोगरा लावला होता. पुऱ्यांचं पीठ मळून झालं होतं. सपनाच्या माहेरची चार माणसं आणि बाळाची आत्या सोडली तर हॉल रिकामा होता.

"सगळ्यांनी मेसेज पाहिलाय," सपनाने मोबाइल पुढे केला. "अंगठेपण दिलेत."

"अंगठा दाखवला म्हणजे येत नाहीत बाई, माहीत नाही का तुला?" मावशी हसली खरी, पण तिची नजर रिकाम्या खुर्च्यांवरून हटेना. चाळ पाडली तेव्हा ती रडली नव्हती. भिंती काय, परत बांधता येतात, असं म्हणाली होती. माणसंच परकी झाली असतील तर मात्र तिच्यापाशी काही उपाय नव्हता.

"अर्धा तास बघू," मुलगा विशाल म्हणाला. "नाहीतर उरकून घेऊ."

"उरकायला काय ते बिल आहे विजेचं?" मावशी उठली, चपला घातल्या आणि लिफ्टने थेट सगळ्यात वरच्या मजल्यावर गेली.

पहिलं दार वसुधाचं. वसुधा मालवणची, चाळीत भिंतीला भिंत लागून राहिलेली. बेल वाजायच्या आत दार उघडलं. वसुधा इस्त्रीच्या साडीत उभी, डोक्यात अबोलीचा गजरा, टीपॉयवर बाळंतविडा.

मावशी बघतच राहिली. "अगं, तयार आहेस तर खाली का नाही आलीस?"

"आवतणाशिवाय कशी येव?" वसुधा फणकारली. "मेसेजान कोण जेवक जाता? दाराक कान लावन बसलंय मगापासून. म्हटलं, शकुक आता आमची आठवण रवली नाय."

"आमच्याकडे नामकरण आहे," मावशी म्हणाली. तिने वसुधाचा हात धरला. "तू बारसं म्हण. पण चल गं."

समोरच्या दारात चंद्रप्रकाशभाऊ सफारी घालून घामाघूम झाले होते. "दोनदा खाली डोकावून आलो, वहिनी. पण कुणी बोलावलंच नाही, तर आत शिरायचं कसं?"

मग मावशीने लिफ्ट सोडली. जिन्यातूनच, हळदीच्या आवाजात हाक घातली, "चला रे, पाळण्याला चला!" मजल्यामागून मजला दारं उघडत गेली. प्रत्येक दारात कुणीतरी नटून बसलेलं, रुसलेलं. "आत्ता सुचलं होय तुला?" "वाट लागली ना पोरांची, कधीची उपाशी बसलीत!" टोमणे खात, हसत, वसुधाच्या खांद्यावर हात टाकून मावशी एकेक पायरी उतरत होती आणि तिच्यामागे अख्खा जिना उतरत होता.

हॉलच्या दारातून आधी आवाज आत गेला, मग माणसं. सपना पाळण्याची दोरी धरून नुसती पाहत राहिली. विशाल खुर्च्या मागायला शेजारच्या इमारतीत धावला. त्रिशरण-पंचशील झालं, आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं, "सुजाता!" आणि जागा नसल्याने भिंतीशी उभ्या राहिलेल्यांनी टाळ्यांनी हॉल डोक्यावर घेतला. वसुधाने न विचारता मालवणी पाळणा सुरू केला.

त्या गलक्यात मावशी एका खुर्चीत टेकली, गुडघ्यांवर हात ठेवले, सगळीकडे एकदा डोळे भरून पाहिलं आणि सुनेला म्हणाली, "सपना, आधी बाळाला पाजून घे गं. पंगत चालू दे तोवर."