जोतीरामाचं तांबडं पाणी

विट्याकडच्या गावांतली पोरं मिसरूड फुटायच्या आत घर सोडतात आणि गलाईच्या दुकानात जाऊन बसतात. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी आटवून, गाळून शुद्ध करायचा धंदा. जोतीराम सोळाव्या वर्षी मदुराईला गेला आणि पंचवीस वर्षं त्यानं भट्टीपुढं काढली. पुढं तेजाबाच्या, म्हणजे ॲसिडच्या वाफेनं त्याची छाती धरायला लागली. "भट्टी सोडा, नाहीतर ती तुम्हाला सोडणार नाही," असं डॉक्टरनं बजावलं. जोतीराम परत आला. मेहुण्याच्या ओळखीनं सांगलीच्या एका कॉलेजात, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिपाई म्हणून लागला. ते साल होतं १९९६.

त्याच्या बायकोला, बनुबाईला हे लागायचं. "सोनं पारखणारा मानूस तुमी, आन् आता काचा धुताय," ती म्हणायची. जोतीराम मात्र काचा मन लावून धुवायचा.

वर्षभरानं प्रयोगशाळेत लेसर आला. विभागाचे प्रमुख सुमंत सरांनी एका मोठ्या संस्थेचे उंबरे झिजवून त्यांच्याकडचं जुनं यंत्र मागून आणलं होतं. गोधड्यांत गुंडाळून, जीपमध्ये घालून. त्याचा उजेड सलग नव्हता. सेकंदाला दहा ठिणग्या, आणि एकेक ठिणगी इतकी क्षणिक की सगळं बळ एका फटक्यात पडावं. पाण्याच्या पेल्यात तळाशी सोन्याची चकती ठेवायची आणि वरून हे फटके मारायचे. दर फटक्याला टक्‌ असा आवाज व्हायचा, आणि चकतीवरून सोन्याचे कण पाण्यात उडायचे. पाच-सहा हजार कण ओळीनं ठेवले तर केसाची जाडी भरेल, इतके बारीक. एवढं बारीक झालं की सोनं पिवळं दिसत नाही, पाणी तांबडं दिसतं. कण एकमेकांना चिकटले की तेच पाणी निळं पडतं.

सगळा घोटाळा तिथंच होता. वाईची मयूरी सरांकडे पीएच.डी. करत होती. ती दिवसभर डोळ्यांवर हिरवा चष्मा चढवून यंत्रापाशी बसायची. पाणी जरा गुलाबी व्हायचं, तिचा चेहरा खुलायचा, आणि चहा पिऊन येईपर्यंत पाणी जांभळं, मग निळं, आणि दुसऱ्या दिवशी तळाशी काळसर गाळ. तीन महिने हेच चाललं होतं. त्यात पत्र आलं की आठ दिवसांनी पुण्याहून समिती येणार. काम दिसलं नाही तर लेसर दुसऱ्या कॉलेजला जाणार.

त्या दिवशी मयूरी चकती पुसत होती. जोतीरामानं दारातूनच विचारलं, "ताई, ह्ये सोनं कुणाकडनं आणलं?"

"सराफाकडून. का हो काका?"

"चोख न्हाई त्ये. तांब्याची लाली दिसती की."

मयूरीनं सरांना बोलावलं. सर जरा चिडूनच आले. "शुद्ध म्हणूनच घेतलंय, जोतीराम."

"सर, पंचवीस वर्सं ह्येच केलंया. कसाला लावून बघा."

शेजारच्या पेठेतून कसोटीचा दगड आणला. कस उतरला बावीस कॅरेटचा. दोन दिवसांत जोतीरामानं विट्याच्या एका जुन्या सोबत्याकडून चोख चकती करून आणली. पुन्हा लेसर चालवला. गुलाबी पाणी आलं, आणि तासाभरात पुन्हा निळं पडलं.

मयूरी रडायचीच बाकी राहिली. जोतीराम मात्र पेल्याकडं बघत उभा होता. वाळलेल्या काचेच्या कडेला पांढरी रेघ होती, केसाएवढी.

"सर, रसायनवाल्यांकडनं चांदीचं पाणी मिळंल का? सिल्व्हर नायट्रेट वो. गलाईत आमी चांदी तेजाबात इरघळवून मिठानं परत खाली बसवतो. पान्यात मीठ असलं की त्याचं दूध व्हतं."

बाटली आली. ऊर्ध्वपातित, म्हणजे उकळून वाफेतून उतरवलेल्या पाण्याच्या कॅनमधलं पाणी परीक्षानळीत घेऊन त्यानं दोन थेंब टाकले. पाणी ताकासारखं झालं.

सुमंत सर नळीकडे बघत राहिले. कॉलेजचं जुनं ऊर्ध्वपातन यंत्र जोरात उकळताना बोअरचं खारं पाणीही सोबत पुढं फेकत होतं, आणि शुद्ध म्हणून तेच सगळीकडे जात होतं. त्यातल्या मिठानंच सोन्याचे कण एकमेकांना चिकटत होते. सर हळूच म्हणाले, "आम्ही लेसर उघडून बघितला, भिंगं बदलली. पाणी कुणी तपासलंच नाही."

पुढचे चार दिवस प्रयोगशाळा जोतीरामाच्या सांगण्यावर चालली. पाणी मंद आचेवर दोनदा उतरवायचं. काचेची भांडी आधी सोनं विरघळवणाऱ्या तेजाबानं धुवायची, मग त्या दोनदा उतरवलेल्या पाण्यानं सात वेळा. तेजाबाचं काम त्याला मना होतं. तो दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचा, आणि आत वाफ ओढणाऱ्या कपाटापाशी हातमोजे घातलेली मयूरी त्याच्या सांगण्याप्रमाणं करायची. "आजून येकदा, ताई. हात राखू नगा."

पाचव्या दिवशी लेसर टकटकला. पाणी गुलाबी झालं, मग डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल. संध्याकाळी लाल. सकाळी लाल. मयूरीनं पेला उजेडात धरला आणि पळतच दारात आली. "काका, टिकलं!"

"टिकायलाच पायजे," जोतीराम म्हणाला.

समितीतले ज्येष्ठ प्राध्यापक मोठे संशयी होते. पेला डोळ्यांपुढं धरून म्हणाले, "रंग छान आहे. पण रंग मीही कालवून आणेन. हे सोनंच कशावरून?"

सर उत्तर जुळवत होते. मागं भिंतीला टेकून उभा असलेला जोतीराम पुढं आला. "आवं साहेब, चिमूटभर मीठ टाकून बघा. रंग आसंल तर तसाच ऱ्हाईल. सोनं आसंल तर निळं व्हईल."

प्राध्यापकांनी भुवया उंचावल्या. मयूरीनं थोडं पाणी वेगळं काढलं, त्यांनी स्वतःच्या हातानं मीठ टाकलं. लाल पाणी त्यांच्या डोळ्यांदेखत जांभळं झालं, आणि मग निळं.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"तीन महिने आमाला निळंच मिळत हुतं, साहेब."

खोलीभर हशा पिकला. प्राध्यापक सगळ्यात मोठ्यानं हसले. लेसर सांगलीतच राहिला, आणि ऊर्ध्वपातनाचं नवं यंत्रही मंजूर झालं.

त्या उन्हाळ्यात सर मयूरी आणि जोतीरामाला घेऊन पुण्याला गेले. तिथल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या पडद्यावर काळे गोल ठिपके उमटले, सुटेसुटे, एकालाही दुसरा चिकटलेला नाही. यंत्र चालवणारी बाई म्हणाली, "सरासरी बारा नॅनोमीटर. इतके सुटे कण आमच्याकडे क्वचितच येतात."

जोतीराम पडद्याजवळ सरकला. आयुष्यभर त्यानं भट्टीची राख चाळून, दुकानातला केर झाडून सोन्याचा कणन्‌कण जपला होता.

"एवढं बारीक सोनं आमच्या दुकानातनं गेलं आसतं," तो म्हणाला, "तर मालकालाबी पत्ता लागला नसता."

वर्षभरात मयूरीचा शोधनिबंध परदेशी नियतकालिकात छापून आला. सरांनी जोतीरामाला कार्यालयात बोलावून खुर्चीवर बसवलं आणि लेखकांच्या ओळीवर बोट ठेवलं. तीन नावं होती. तिसरं त्याचं.

जोतीरामानं ते पान घरी नेलं. बनुबाईला वाचता येत नव्हतं. तिनं नावावरून हळूच हात फिरवला आणि विचारलं, "ह्येच का तुमी?"

"व्हय," तो म्हणाला. "मीच."