शांततेच्या बैठकीत माझं आभारप्रदर्शन

दोन सख्ख्या भावांचा समेट होत आला असताना मी मध्येच उठून आभारप्रदर्शन केलं.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मी पिंपळनेरला मास्तर होतो. गावात एक म्हातारे गोरे साहेब दवाखाना चालवत. ते क्वेकर पंथाचे, म्हणजे लढाईला पाप मानणारे ख्रिस्ती. तरुणपणी त्यांनी बंदूक धरायला नकार दिला आणि त्यापायी तुरुंगात गेले. इंग्रजी येतं या भांडवलावर मी त्यांचा दुभाष्या.

त्या वर्षी पाटाच्या पाण्याच्या पहिल्या पाळीवरून दोन भावांत काठ्या निघाल्या. तीन वर्षांचा अबोला होताच. गावात पाटाचं पाणी वाटून देणाऱ्या फडाच्या पंचांनी बजावलं, "आपसांत मिटवा, मगच पाणी." इकडे दोघांचाही ऊस करपत चालला. साहेबांनी दोघांना आपल्या रविवारच्या उपासनेला बोलावलं.

तिथे पाद्री नाही, भजन नाही. सगळ्यांनी गप्प बसायचं आणि ज्याला आतून वाटेल त्यानेच बोलायचं. हे मी खणखणीत मराठीत सगळ्यांना समजावून सांगितलं. समजलं नाही ते फक्त मला.

बसलो. बाहेर बैलाच्या गळ्यातली घंटा वाजली, थांबली. कोणी बोलेना. धुळ्याच्या सभांत मी वाढलेला माणूस. वक्ते गप्प झाले की आभार मानायचे, एवढंच मला ठाऊक. तेवढ्यात थोरल्याने घसा खाकरला, तोंड उघडलं. मला वाटलं, बिचारा अडखळतोय, आपणच सभा सावरावी. उठलो.

"अध्यक्ष महाराज आणि बंधुभगिनींनो..."

साहेबांचे आभार मानले, सतरंजी देणाऱ्याचे मानले, पाऊस पडला नव्हता तरी वरुणराजाचेही मानले. थोरल्याने तोंड मिटलं. साहेबांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. पाणी भरणाऱ्या बाईचे राहिले, हे आठवून मी पुन्हा सूर लावणार, तोच धाकट्याने माझं धोतर धरून खाली ओढलं.

"गुरुजी, खाले बसा! दादा बोली ऱ्हायना ना!"

तीन वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून 'दादा' आलं. थोरला त्याच्याकडे वळला. मग खाली मान घालून म्हणाला, "पयलं पाणी तू ले."

"नई दादा. तुना ऊस जास्त वाळी ऱ्हायना. तू ले."

आता हे देण्यावरून भांडतात की काय, म्हणून मी उठू लागलो. तसं थोरला घाईघाईने म्हणाला, "बरं, बरं! यंदा मी लेस, पुढला साले तू."

दुसऱ्या दिवशी पाणी सुटलं. मी पाटावर हजर. थोरला ओल्या मातीत दारं धरत, फावड्याने पाणी उसाच्या सऱ्यांत वळवत होता. मी छाती काढून म्हटलं, "आबा, शेवटी माझं भाषण कामी आलं की नाही?"

"कामी उनं ना गुरुजी," तो फावडं न थांबवता म्हणाला. "तुम्ही परत उठशात, या भेवमाच आमनं लवकर मिटनं."